वाघाचा टेप

पोवई नाक्यावरच्या माझ्या दुकानात
मी ब्लाउजची मापं घेते
वाघाच्या टेपने.
गिऱ्हाइकांना सांगत नाही.

पितळी डबीतला, मेणकापडाचा,
एका बाजूला इंच,
दुसऱ्या बाजूला कुठल्याशा मुलखातली मोडीत निघालेली मापं.
आज्याला मिळाला होता साहेबाकडून.
म्हणजे मिळाला नव्हता,
राहून गेला होता.

आजा बयाजी ढेबे. हेळवाकच्या वरच्या अंगाला म्हशी राखायचा,
थंडीत शिकारीला हाके घालायचा.
साहेबाचं नाव आक्सेल लिंडरूट.
आजा म्हणे अक्षल. घरात अजून तेच चालतं.

गोरा होता, पण इंग्रज नव्हता,
हे गावाला कळायला दोन हिवाळे गेले.
त्याच्या स्वीडनात म्हणे हिवाळ्यात सूर्य
रुसलेल्या पाहुण्यासारखा उंबऱ्यावरूनच परत जातो.
बाप लेफ्टनंट, आजा कॅप्टन, हाही लेफ्टनंट,
आणि तिघांतल्या एकानेही लढाई पाहिलेली नव्हती.
त्यांच्या राजांनी कुणाशी भांडणच काढलं नव्हतं,
शंभरेक वर्षं.
रोज बूट चमकवायचे, रोज बंदूक पुसायची,
कागदाच्या शत्रूवर नेम धरायचा
आणि संध्याकाळी कॉफी.
“उपाशी माणसाला रोज भाकरी नुसती हुंगाया द्यावी,
तसं झालं हुतं त्याचं, पोरी.”

मग काँगो.
रबराच्या कंपनीची चाकरी, दीड वर्ष.
त्याबद्दल तो बोलत नसे.
एकदाच, शेकोटीपाशी,
एका हाताची कड दुसऱ्या मनगटावर आडवी ठेवली त्याने
आणि जाळाकडे बघत राहिला.
आज्याला वाटलं, मनगट दुखतंय.
तेल चोळून दिलं.

पुढे नाईलकाठचे हत्ती, कुठल्या बर्फातली अस्वलं,
मुंबईचं बंदर, खंबाटकीचा घाट,
आणि मग आमची म्हशींची वाट.

वाघ मोजायच्या दोन रीती. त्यानेच शिकवल्या.
नाकाशी एक खुंटी, शेपटाच्या टोकाशी एक,
वाघ बाजूला ओढायचा, मधली जमीन मोजायची.
किंवा टेप अंगावरून सोडायचा,
कपाळ, मान, पाठीचा चढ, उतार, शेपटाचा बाक.
या रीतीने मेलेला वाघ चार-सहा बोटं वाढतो.
बाकीचे साहेब लोक वाढलेलाच वाघ सांगत.
अक्षल खुंट्यांचा माणूस.
आठ फूट अकरा.
“नऊ म्हणा की सायेब,” म्हटलं तर
वही मिटून उठून जायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याला हिवताप धरला.
सातव्या रात्री तो आज्याशी त्याच्या भाषेत खूप बोलला,
आजा हं हं म्हणत राहिला,
जसं व्यायला झालेल्या म्हशीजवळ बसून म्हणतात.

पाटणच्या सुताराला पेटीसाठी माप हवं होतं.
टाळूशी एक खुंटी, टाचेशी एक.
सहा फूट एक.
“मग काय मनात आलं, द्येव जाणे.
पुन्यांदा टेप सोडला म्या, अंगावरनं,
कपाळ, नाक, छातीचा चढ,
पोटाची खळगी, गुडघं...”
किती भरलं, आज्या?
“वही त्याची. मला कुठं लिवता येतंय?”

पुढे धरण झालं.
थडगं गेलं, आमचा गोठा गेला.
मे महिन्यात पाणी उतरलं की लोक बुडालेली देवळं बघायला जातात.
मीही जाऊन आले.
नुसता भेगाळलेला गाळ, आणि एक प्लास्टिकची चप्पल.

काल एक बाई म्हणाली, मावशी, मापाला घट्ट घेऊ नका.
म्हटलं, घाबरू नका, मी अंगावरूनच घेते.

टेपचा पहिला इंच झिजून गेलाय.
दुसऱ्यापासून धरते,
आणि शेवटी एक वजा करते.